मित्र बरा होणार नाही. भेटायला जाऊन बोलायचं काय? (अंशुमान गायकवाडांच्या निमित्ताने)

शॉर्ट लेग

मंडळी, इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलोय. आज मदत हवी आहे म्हणून लिहितो.

माझा एक मित्र आहे. खरं नाव देत नाही, बाळ्या म्हणू. डावखुरा फिरकी गोलंदाज. कांगा लीगला, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी क्लब स्पर्धेत, आम्ही एकाच क्लबाकडून खेळलो. मी शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी तोंडाशी. पुढे माझा खेळ सुटला, त्याला मात्र एका बँकेनं खेळाडू म्हणूनच नोकरीत घेतलं. सकाळी नेट, दुपारी थोडा वेळ काउंटर, आणि सामना असला की थेट मैदान. सोळा वर्षं कंपन्यांच्या संघांची टाइम्स शील्ड खेळला. रणजीच्या संभाव्य खेळाडूंत दोनदा नाव आलं, पुढे काही झालं नाही. जिथे पद्माकर शिवलकरांसारख्या मुंबईच्या डावखुऱ्या फिरकीपटूला भारताची टोपी मिळाली नाही तिथे माझं काय घेऊन बसलास, असं तोच म्हणायचा.

मार्चमध्ये त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. डॉक्टरांनी त्याला आणि वहिनींना समोर बसवून सांगितलं की केमोनं काही महिने मिळतील, बरं होणं नाही. हे त्यानं मला फोनवर स्वतः सांगितलं आणि लगेच विचारलं, "जेवलास का?"

तेव्हापासून मी गेलेलो नाही. मी बोरिवलीला, तो लालबागला. दोनदा प्रभादेवीला उतरलो, पुलावरून परळच्या बाजूला गेलो आणि तसाच मागे फिरलो. जाऊन बोलणार काय, हा एकच प्रश्न.

काल रात्री भारताचे जुने सलामीवीर अंशुमान गायकवाड यांच्याबद्दल जुनं वाचत बसलो होतो. २०२४ साली ते ब्लड कॅन्सरच्या उपचारांसाठी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात होते, तेव्हा संदीप पाटील आणि दिलीप वेंगसरकर त्यांना तिथे भेटायला गेले. पैशाची गरज आहे हे गायकवाडांनी पाटलांना सांगितलं. दोघांनी तिथूनच क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे खजिनदार आशिष शेलार यांना फोन लावला. पाटलांनी मग वर्तमानपत्रात लिहिलं, कपिल देव म्हणाला की कुटुंबाची हरकत नसेल तर आम्ही आमचं पेन्शन देतो, आणि १४ जुलैला मंडळानं १ कोटी जाहीर केले. ३१ जुलैला बडोद्यात गायकवाड गेले.

ती दोघं त्या खोलीत शिरताना काय बोलली असतील? पहिलं वाक्य काय असेल? मला तेवढंच हवं आहे.

फाइन लेग

पहिलं वाक्य क्रिकेटचंच असणार, पैज लावतो.

ज्यांनी गायकवाडांना खेळताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. जन्म मुंबईचा, खेळले बडोद्याकडून. वडील दत्ताजीराव भारताचे कर्णधार होते. तेही २०२४च्याच फेब्रुवारीत गेले, ९५व्या वर्षी, आणि त्या वेळी ते भारताचे हयात असलेले सर्वांत ज्येष्ठ कसोटीपटू होते. सहा महिन्यांत बाप आणि लेक दोघंही गेले.

१९७६, किंग्स्टन, सबिना पार्क. त्याआधीच्या कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला आपण ४०३चा पाठलाग करून जिंकलो होतो, त्याचा राग विंडीजच्या डोक्यात. त्यांचे वेगवान गोलंदाज होल्डिंग आणि डॅनियल अंगावर चेंडू टाकतायत. हेल्मेट नाही. गायकवाडांना चष्मा. गावसकरांबरोबर त्यांनी १३६ची सलामी दिली. ८१वर असताना होल्डिंगचा चेंडू डाव्या कानावर बसला, रक्त आलं, पडदा फाटला, पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडावर लागला. आपला कर्णधार बेदीनं ६ बाद ३०६वर डाव सोडला. दुसऱ्या डावात ५ बाद ९७वर सगळं आटोपलं, कारण पुढे फलंदाजीला यायला माणूसच शिल्लक नव्हता.

त्यानंतरही हा माणूस सलामीला येत राहिला. १९८३ला जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा, ६७१ मिनिटं. अकरा तासांच्या वर! आजारपण म्हणजे तसंच असतं, शॉर्ट लेग. दिवसभर उभं राहायचं आणि समोरच्यानं नुसतं म्हणायचं, "चल, पुढचा बघ." तुम्ही नॉन-स्ट्रायकर आहात. जा तिथे.

सुलभा_गिरगाव

क्रिकेटचं मला कळत नाही, पण धाग्याच्या प्रश्नाचं कळतं.

माझ्या मिस्टरांना जाऊन सात वर्षं झाली. फुफ्फुसाचा होता. अकरा महिने मिळाले. त्या अकरा महिन्यांत कोण आलं, कोण नाही, मला आजही तोंडपाठ आहे. राग नाही धरला कुणाचा, पण आठवण राहते. एक शेजारी होते, साधे पोस्टातले. रोज संध्याकाळी साडेसहाला यायचे, पेपर मोठ्यानं वाचायचे, अर्ध्या तासानं जायचे. "कसं वाटतंय" असं एकदाही विचारलं नाही त्यांनी. मिस्टर सहा वाजल्यापासून दाराकडे बघत बसायचे.

आणि एक मागणं आहे सगळ्यांकडे. पेपरात छापतात ना, "कॅन्सरशी झुंज अपयशी", ते इथे तरी लिहू नका. मिस्टरांच्या बातमीत त्यांच्या संस्थेनं तसंच छापलं होतं. अपयश कसलं? त्यांनी केमोच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा उठून स्वतः दाढी केली. कुणाची परीक्षा होती ती, की नापास झाले?

चहाबाज

सुलभाताई, _/\_

तालमीतला

सुलभाताई, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण इथे थोडा असहमत आहे.

आमचे थोरले काका कुस्तीगीर. गिरणीच्या नोकरीत होते, लालबागच्या तालमीत मेहनत करायचे, गावोगावच्या जत्रांत फड मारायचे. त्यांना जिभेचा निघाला. तंबाखूची सवय होती, ते लपवत नाही. काकांना शेवटपर्यंत कुस्तीचेच शब्द लागायचे. डॉक्टर राउंडला आले की विचारायचे, "आज कोण वर आहे, तो का मी?" बोलता येईनासं झालं तेव्हा पाटीवर लिहायचे. शेवटच्या आठवड्यात लिहिलं, "खाली आहे, चीत नाही." ती पाटी आम्ही तशीच ठेवली आहे, पुसलेली नाही.

त्यांच्याकडून 'झुंज' काढून घेतली असती तर त्यांच्याकडे उरलं काय असतं? ज्याला जो शब्द धीर देतो तो त्याला वापरू द्यावा.

सुलभा_गिरगाव

तालमीतला, तुमच्या काकांनी स्वतः म्हटलं तर ते त्यांचं. माझी तक्रार मागे राहिलेल्यांनी छापण्याबद्दल आहे. आणि बघा, काकांनीसुद्धा "चीत नाही" असंच लिहिलं.

तालमीतला

हे मात्र खरं. मान्य ताई.

वॉर्ड_नंबर_चार

मी परिचारिका आहे, कॅन्सरच्याच रुग्णांबरोबर २२ वर्षं. धागाकर्त्यांसाठी काही कामाच्या गोष्टी सांगते.

जाण्याआधी फोन करा, आणि वहिनींना करा. केमोनंतरचे काही दिवस पांढऱ्या पेशी खाली असतात, तेव्हा साधी सर्दीसुद्धा महागात पडते. तुम्हाला शिंक जरी येत असली तरी त्या दिवशी जाऊ नका. घरी जाऊन आधी साबणानं हात धुवा, मग शेकहँड.

वीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यानं डोळे मिटले तर गप्प बसून राहा, लगेच उठू नका. खाण्याचा आग्रह करू नका. तोंडाची चव गेलेली असते, कित्येकांना सगळं धातूसारखं लागतं. स्वादुपिंडाच्या आजारात तर दोन घासांतच पोट भरतं. घरचे आधीच "खा खा" करून थकलेले असतात.

कुणाचा तरी काढा, कुणाचं तरी पथ्य, अमक्या गावचा वैद्य, हे कृपा करून नेऊ नका. रोज दहा जण तेच घेऊन येतात आणि रुग्णाला वाटतं की आपणच काहीतरी करायचं राहिलो.

दुखत असेल तर ते सहन करणं म्हणजे धैर्य नव्हे. मॉर्फिनच्या गोळ्यांचं नाव काढलं की नातेवाईक घाबरतात, सवय लागेल म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरोबर दिलं तर माणूस उठून बसतो, गप्पा मारतो. परळला टाटा हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, स्वतंत्र विभाग आहे. बरं करणारे उपचार थांबले तरी उपचार थांबत नाहीत, हे मित्र म्हणून तुम्ही वहिनींना सांगू शकता.

आणि सगळ्यात मोठी मदत म्हणजे वहिनींना दोन तास सुटी द्या. "तुम्ही बँकेत जाऊन या, मी बसतो." बस्स.

मंदार_मुलुंड

वरचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे.

मला गायकवाडांच्या पैशांबद्दल बोलायचंय. भारतासाठी ४० कसोटी खेळलेल्या, दोनदा संघाचा प्रशिक्षक झालेल्या माणसासाठी मित्रांना जाहीर हाक द्यावी लागली, हे मनाला लागतं. शारजात १९९८ला सचिननं ऑस्ट्रेलियाला धुतलं तेव्हा प्रशिक्षक हेच. १९९९ला कोटलावर कुंबळेनं डावात दहा बळी घेतले तेव्हाही हेच. मदत जाहीर झाल्यापासून ते जाईपर्यंत १७ दिवस. हे सगळं आधी, न मागता व्हायला नको होतं का?

कांगा_लीग

मंदार, व्हायला हवं होतं, यात वाद नाही. पण मागण्यात कमीपणा कसला? १९८३चा विश्वचषक जिंकून आले तेव्हा मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकाला १ लाख मिळाले. त्या पिढीला माहीत आहे की कुणीतरी कुणासाठी तरी उभं राहावं लागतं. संदीप पाटील त्याच संघातला. त्यानं ते घेतलं होतं, आता दुसऱ्यासाठी मागितलं. स्वतः गायकवाड त्या विश्वचषकाच्या संघात नव्हतेसुद्धा, तरी त्या संघातले कपिल, मोहिंदर, मदनलाल, कीर्ती आझाद, शास्त्री सगळे धावले.

मला त्यात दिसतं ते हे. अकरा तास खेळपट्टीवर उभा राहणारा माणूस मित्राला "मला पैसे कमी पडतायत" असं म्हणू शकला. होल्डिंगला सामोरं जाण्यापेक्षा ते सोपं नसणार. आणि हे ऐकून घेणारा मित्र समोर होता म्हणून तो म्हणू शकला.

मंदार_मुलुंड

हा विचार केला नव्हता. शॉर्ट लेग, बाळ्याचं पैशांचं काय आहे ते जरा बघा मग. तो स्वतःहून सांगणार नाही.

किवी_प्रेमी

न्यूझीलंडचा मार्टिन क्रो आठवला. १९९२च्या विश्वचषकात नवा चेंडू ऑफस्पिनर दीपक पटेलला देणारा कर्णधार. २०१२ला लिम्फोमा (कॅन्सरचाच एक प्रकार), मध्ये बरा झाला, २०१४ला परत उलटला. त्या काळात त्यानं रॉस टेलर आणि मार्टिन गप्टिल यांना जवळ घेतलं, मला नसलेले दोन मुलगे म्हणायचा. २०१५च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात गप्टिलनं नाबाद २३७ मारल्या, तेव्हा क्रो हयात होता. ३ मार्च २०१६ला गेला, ५३ वर्षांचा.

क्रोची कसोटी शतकं १७. टेलरनं ती ओलांडावीत अशी त्याची इच्छा. टेलरनं १७वं मारलं डिसेंबर २०१७मध्ये, आणि उशीर झाल्याबद्दल गेलेल्या गुरूची माफी मागितली.

फाइन लेग

मग झिंबाब्वेच्या हीथ स्ट्रीकचाही किस्सा हवा. ऑगस्ट २०२३मध्ये तो कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेला असताना गेल्याची बातमी फिरली, जुना साथीदार हेन्री ओलोंगानंही श्रद्धांजली लिहून टाकली. थोड्या वेळानं ओलोंगानं पुन्हा लिहिलं की स्ट्रीकशी आत्ताच बोलणं झालंय, थर्ड अंपायरनं त्याला परत बोलावलंय. स्ट्रीक ३ सप्टेंबरला खरोखर गेला, पण मधले ते अकरा दिवस तो त्यावर हसला असेल असं मला नेहमी वाटतं. मित्रच असं लिहू शकतो.

चहाबाज

थर्ड अंपायर! हे वाचून हसू की रडू कळेना.

ठाण्याचा_सायकलवाला

थोडं अवांतर. सायकलपटू सर ख्रिस हॉय, सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं. खांदा दुखतोय म्हणून तपासायला गेला, जिममध्ये ताण आला असेल असं त्याला वाटलं होतं. निघाला प्रोस्टेटचा, हाडांत पसरलेला. डॉक्टरांनी दोन ते चार वर्षं सांगितली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं ते जाहीर केलं आणि पुढच्या सप्टेंबरात ग्लासगोला चौथ्या स्टेजच्या रुग्णांसाठी सायकल फेरी काढली. त्याच्या वडिलांना आणि आजोबांनाही प्रोस्टेटचा झाला होता. आपल्याकडे बाप्ये लोक हा विषय काढतच नाहीत.

वॉर्ड_नंबर_चार

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. घरात वडिलांना किंवा भावाला असेल तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला. पीएसए ही साधी रक्ताची तपासणी आहे. करायची की नाही हे त्यांच्या सल्ल्यानं ठरवा.

सुलभा_गिरगाव

सगळं झालं. ज्यांनी धागा काढला ते कुठे आहेत? गेलात का हो भाऊ?

शॉर्ट लेग

गेलो सुलभाताई. परवा, शनिवारी. उशिरा लिहितोय कारण दोन दिवस हात चालला नाही.

वहिनींना आधी फोन केला. त्या म्हणाल्या, सकाळी दहा ते बारा जरा बरं असतं. चाळीचा जिना चढताना पाय जड झाले होते. दार उघडंच होतं. बाळ्या कॉटवर उशीला टेकून बसलेला, निम्मा झालाय. डोळे पिवळे. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हेल्मेट घालून आलायस ना?"

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघंही रडलो, आणि त्यानंतर काही अडलंच नाही.

तास होऊन गेला. वीस मिनिटं सांगितली होती, पण तोच उठू देईना. वहिनी मुलीकडे जाऊन आल्या. वाद कशावर घालावा? क्रॉस मैदानावरच्या एका कांगा लीगच्या सामन्यावर, १९८९चा. पावसानं खेळपट्टी भिजलेली, त्याचा चेंडू हातभर वळत होता. तो म्हणतो सात बळी घेतले, मी म्हणतो सहा. सातवा रनआउट होता, मला लख्ख आठवतंय. तो ऐकेना. म्हणाला, "मरणाऱ्या माणसाला एक बळी जास्त देत नाहीस?" मी म्हटलं, "नाही देत." इतका खूश झाला! म्हणाला, सगळे मला हल्ली हो हो म्हणतात.

मंदार, पैशांचं विचारलं. आधी टाळलं त्यानं. मी कपिल-गायकवाडांची गोष्ट सांगितली. मग बोलला. बँकेच्या निवृत्तांच्या मेडिकल पॉलिसीची मर्यादा संपत आली आहे. आमच्या जुन्या संघातल्या नऊ जणांचा ग्रुप केलाय, हिशेब बघतोय. वारही वाटून घेतलेत, रोज एक जण.

आणि भीती वाटते का, हे मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. "रात्री वाटते. दिवसा तुम्ही या." एवढंच म्हणाला.

तालमीतला

रात्रीचं बोलायलाही कुणीतरी जा. काकांजवळ मी झोपायचो. काही करावं लागत नाही, जागं असलं की पुरतं.

शॉर्ट लेग

हे लिहून घेतलं. वहिनींना विचारतो.

कांगा_लीग

शॉर्ट लेग, १९८९, क्रॉस मैदान, भिजलेली खेळपट्टी... समोरचा क्लब माटुंग्याचा होता का? असेल तर त्या मोसमात त्यांचं स्कोअरिंग माझे वडील करायचे. त्यांच्या वह्या आमच्या माळ्यावर आहेत. बघतो.

शॉर्ट लेग

माटुंग्याचाच! बघा, प्लीज बघा.

कांगा_लीग

सापडली. पण एक अडचण आहे. २६ जुलै २००५ला आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं आणि ह्या वह्या तेव्हा खालच्या कपाटात होत्या. पान आहे, तारीख वाचता येते. तुमच्या मित्राच्या नावापुढे पहिल्या अकरा ओव्हर स्पष्ट आहेत, चार बळी, त्यातले दोन झेल तुमचे, शॉर्ट लेगला. पुढे शाई पसरलीये. शेवटचा आकडा सहा आहे की सात, भिंग लावूनही कळत नाही. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवतोय.

शॉर्ट लेग

फोटो दाखवला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "सात आहे. तुला चष्मा लागलाय." आणि कांगा_लीग यांना सांगायला सांगितलंय की वही घेऊन घरी या, प्रत्यक्ष बघायची आहे. गुरुवार मोकळा आहे, त्या दिवशी पाळी कुणाची नाही. दहानंतर या. सर्दी नसेल तर.

कांगा_लीग

येतो. वडिलांनाही आणतो, ८४ आहेत, पण जिना चढतील. ते म्हणतायत रनआउट होता.